जर्मनचं पातेलं, पारा आणि गॅलियम

मागच्या व्याख्यानात आपण उपादान कारण आणि निमित्त कारण यांतला फरक पाहिला. मडक्याचं उपादान माती. कुंभार आणि त्याचं चाक ही निमित्तं. माती मडक्यात उरते, चाक बाजूला राहतं. आज हा फरक रसायनशास्त्राच्या इतिहासातल्या एका प्रकरणावर घासून पाहू.

आपल्याकडे ज्याला जर्मनचं पातेलं म्हणतात ते अॅल्युमिनियमचं. ते गंजत नाही असं आपण समजतो. खरं तर हवा लागताक्षणी त्यावर ऑक्साइडची काही नॅनोमीटर जाडीची साय धरते आणि पुढची हवा अडवते. पहिल्याच गंजाने दार लावून घेतलं, म्हणून पातेलं टिकतं.

पारा हे दार लागू देत नाही. साय खरवडून तिथे पाऱ्याचा थेंब टेकवला, की अॅल्युमिनियम पाऱ्यात विरघळतं, वर येतं आणि दमट हवेशी त्याची गाठ पडते. मग पांढरे, कापसासारखे तंतू डोळ्यांदेखत उगवतात. ते अॅल्युमिनियमचं पाणी धरलेलं ऑक्साइड. पारा मात्र खर्ची पडत नाही; तो पुढचं अॅल्युमिनियम विरघळवायला मोकळाच. विमानात पारा नेण्यावर कडक बंधनं आहेत, त्यामागचं एक कारण हेच.

विमानवाल्यांना ही नासाडी. पण १९०८ साली हान्स विस्लिसेनस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने या तंतूंकडे पदार्थ म्हणून पाहिलं आणि द्रावणातले इतर पदार्थ आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवण्याचा त्यांचा गुण अभ्यासला. पुढे फ्रान्समधल्या संशोधकांनी ही वाढ ताब्यात ठेवून असे ठोकळे मिळवले, की ज्यांत ९९ टक्क्यांपर्यंत पोकळीच असते. उपयोग आहे तो त्या पोकळीचा. जितकी ती जास्त आणि बारीक, तितका गाळायला, शोषायला, उत्प्रेरक बसवायला पृष्ठभाग जास्त.

मग अडलं कुठे? पाऱ्यापाशीच. न खपणारं साधन हिशेबाच्या वहीत येत नाही, पण पाऱ्याची वाफ काम करणाऱ्याच्या फुप्फुसात जाते. जपानच्या मिनामाताने पाऱ्याची किंमत जगाला दाखवली. त्याच गावाच्या नावाचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली झाला.

पर्याय होता गॅलियम. १८७१ साली मेंडेलिव्हने अॅल्युमिनियमखालच्या रिकाम्या घरातल्या धातूचं भाकीत केलं आणि त्याला ‘एका-अॅल्युमिनियम’ म्हटलं. हा ‘एक’ आपल्या संस्कृतातलाच. १८७५ साली फ्रान्समध्ये लकोक द ब्वाबोद्राँ यांना तो सापडला. तीस अंशांच्या जरा खालीच वितळतो, म्हणजे तळहातावर पाणी होतो. पाऱ्यासारखी त्याची वाफ होत नाही, आणि अॅल्युमिनियम त्यातही विरघळतं.

२०१७ साली मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातल्या संशोधकांनी गॅलियम, इंडियम आणि कथील यांच्या द्रव मिश्रधातूत थोडं अॅल्युमिनियम, हॅफ्नियम किंवा गॅडोलिनियम विरघळवलं. ऑक्सिजनशी जोडलं जाताना ज्याची सर्वांत जास्त ऊर्जा सुटते, त्याचंच ऑक्साइड वर साय धरतं. ती साय अलगद टिपून घेतली. काही वेळा मिश्रधातूतून हवेचे बुडबुडे सोडून पाण्यात जमवली. लगेच पुढे याच वाटेने मिळालेल्या अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या सच्छिद्र पडद्यांतून दूषित पाणी गाळून पाहिलं गेलं.

आता आपल्या कुंभाराकडे परत येऊ. निमित्त कारण कार्यात उरत नाही, हे शास्त्राने बरोबर सांगितलं. त्यावरून आपण मात्र गुपचूप एक निष्कर्ष काढतो, की मग त्याचा विचार करायला नको. पारा त्या पांढऱ्या तंतूंत शोधायचा नसतो. तो प्रयोगशाळेच्या हवेत शोधायचा असतो. साधन वस्तूत उरलं नाही, तर ते कुठे उरलं, हा प्रश्न आम्ही वर्गात इतकी वर्षं विचारायला हवा होता. विचारला नाही. तुम्ही विचारा.