हिमोग्लोबिन उतरले म्हणजे स्टेज वाढली?

क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियाच्या, म्हणजे सीएलएलच्या, रुग्णाचे हिमोग्लोबिन ११च्या खाली आले की घरचेच काय, काही डॉक्टरही सांगून मोकळे होतात, ‘रोग पुढे गेला.’ मत अगदीच निराधार नाही. राय यांच्या १९७५च्या वर्गीकरणात ११ ग्रॅमखालचे हिमोग्लोबिन म्हणजे तिसरी स्टेज. बिने यांनी १९८१मध्ये ती रेषा १०वर ओढली. पूर्वपक्ष असा: लिम्फोसाइटनी अस्थिमज्जा व्यापली, तांबड्या पेशींना जागाच उरली नाही.

पण सुमारे ५ ते १० टक्के रुग्णांत मज्जा तांबड्या पेशी नीट घडवत असते, त्या मरतात बाहेर आल्यावर. प्रतिकारशक्ती बिघडलेली असते. तिच्यातून निघालेली आयजीजी प्रतिपिंडे स्वतःच्याच तांबड्या पेशींच्या पटलावर बसतात. गंमत अशी, की ही प्रतिपिंडे बहुतेकदा कर्कपेशी बनवत नाहीत, शेजारच्या साध्या बी-पेशी बनवतात. प्लीहेतल्या मॅक्रोफेज पेशी ती खूण ओळखून पटलाचे लचके तोडतात. पटल घटते, आतला ऐवज फारसा घटत नाही, आणि मधोमध खोलगट असलेल्या पेशीचा गोळा होतो. एरवी अंग दुमडून प्लीहेच्या चिंचोळ्या फटींतून निसटणारी, १२० दिवस जगणारी पेशी तिथेच अडकून संपते. इथे पहिला उपाय स्टिरॉइड, केमो नव्हे. २०१८ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वेही हेच धरतात: स्टिरॉइडला दाद मिळाली नाही, तर मूळ रोगावर उपचार.

मग पेशींवर बसलेली प्रतिपिंडे शोधणारी कूम्ब्ज टेस्ट केली की निकाल लागला? तेही नाही. कूम्ब्ज, मूरंट आणि रेस यांनी १९४५मध्ये ही तपासणी मांडली. पेशी फुटत नसतानाही, म्हणजे रक्तविघटन नसतानाही, कूम्ब्ज पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि फुटत असताना क्वचित निगेटिव्हही. म्हणून सोबत रेटिक काउंट (नव्या तांबड्या पेशींची मोजणी), एलडीएच, बिलिरुबिन आणि हॅप्टोग्लोबिन हवे, स्मिअर तर हवाच.

पुण्यात आणखी एक पेच आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या शहरी-ग्रामीण लोकांत बी-१२ची कमतरता किती पसरली आहे ते दाखवून दिले आहे. बी-१२ कमी असले की अर्धवट घडलेल्या पेशी मज्जेतच फुटतात. एलडीएच वाढतो, बिलिरुबिनही वाढते, आणि रिपोर्ट थेट रक्तविघटनासारखा दिसतो. पुढे गेलेल्या रोगाचे निदान आणि स्टिरॉइडची घाई, दोन्ही इथे सारखीच फसतात. फरक सांगतो तो रेटिक काउंट: रक्तविघटनात तो सहसा चढतो, बी-१२च्या कमतरतेत खालीच राहतो. तो खाली असेल आणि बी-१२, लोह, फोलेट सगळे ठीक असेल, तर मात्र मज्जेकडे बोट दाखवावे. तिथेही लिम्फोसाइटच दोषी असतील असे नाही, तांबड्या पेशींची निर्मितीच तेवढी थांबलेली असू शकते.