३६० किलोबाइटांचा संसार

आयबीएम कंपनीने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाजारात आणला, तेव्हा त्याच्या सव्वापाच इंची फ्लॉपीवर अवघी १६० किलोबाइट माहिती मावत असे. हा आकडा गणिताच्या तासाला सहज सोडवून दाखविता येईल : तबकडीवर ४० वर्तुळाकार मार्ग, प्रत्येक मार्गाचे ८ भाग आणि प्रत्येक भागात ५१२ बाइट. १९८२ मध्ये तबकडीची दुसरी बाजूही वापरात आली. १९८३ मध्ये आठाचे नऊ भाग झाले आणि ३६० किलोबाइटांची फ्लॉपी रूढ झाली. आज मोबाइलवर काढलेले एखादे छायाचित्र साठवायला अशा आठ-दहा फ्लॉप्या लागतील.

त्या काळच्या बहुतेक संगणकांत हार्ड डिस्क नसे. यंत्र सुरू करायचे तर प्रथम फ्लॉपीवरील कार्यप्रणाली, म्हणजे ‘डॉस’, वाचून घ्यावी लागे. याच फ्लॉपीवर पत्रलेखनाची वा हिशेबाची आज्ञावली ठेवायची आणि जमल्यास लिहिलेला मजकूरही. डॉसच्या पहिल्या आवृत्तीत यंत्र चालू करण्यास अत्यावश्यक असलेल्या तीन फाइली मिळून साडेअकरा हजार बाइटांच्या आसपास होत्या. १९८७ च्या ३.३ या आवृत्तीत त्याच तीन फाइली सुमारे ७८ हजार बाइटांवर गेल्या आणि १९९१ च्या पाचव्या आवृत्तीत सुमारे एक लाख एकोणीस हजारांवर. म्हणजे ३६० किलोबाइटांच्या घराचा जवळजवळ तिसरा हिस्सा एकट्या घरमालकानेच अडविला! अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण येथे अक्षरशः लागू पडत होती. त्यामुळे कार्यप्रणालीची काटछाट ही त्या पिढीची नित्याची विद्या झाली.

ही विद्या वाटते तितकी सोपी नव्हती. तिघींपैकी दोन फाइली यादीत दिसतच नसत. त्या दडवून ठेवलेल्या असत. तिसरी ‘कमांड डॉट कॉम’. वापरणाऱ्याची आज्ञा समजून घेण्याचे काम तिच्याकडे. यादी दाखविणे, नक्कल करणे, फाइल पुसणे या आज्ञा तिच्या पोटातच असत. त्यांना निराळी जागा लागत नसे. परंतु नवी तबकडी आखणारी ‘फॉरमॅट’, तबकडी तपासणारी ‘चेकडिस्क’, ओळीओळीने मजकूर सुधारणारी ‘एडलिन’ या स्वतंत्र फाइली होत्या. रोजच्या कामाच्या फ्लॉपीवरून त्या काढून टाकता येत. ‘फॉरमॅट’ काढण्यात आणखी एक शहाणपण होते : चुकून ती आज्ञा दिली गेली आणि भरलेली तबकडी कोरी झाली, असा अनर्थ टळत असे. शिवाय जागेचा हिशेब बाइटांत नव्हे, तर १०२४ बाइटांच्या घासांत होई. पन्नास बाइटांची चिमुकली फाइलसुद्धा पूर्ण एक किलोबाइट अडवी. म्हणून लहान-लहान फाइली एकत्र करणे हीदेखील बचतच होती.

अर्धवट माहितीच्या आधारे केलेली बचत मात्र अंगाशी येई. यंत्र एकदा सुरू झाल्यावर ‘कमांड डॉट कॉम’ स्मृतीत असतेच, मग फ्लॉपीवर तिचे काय काम, असे एखाद्याला वाटे. प्रत्यक्षात मोठी आज्ञावली चालू झाली की स्मृतीत जागा करण्यासाठी या फाइलीचा काही भाग पुसला जाई. काम संपताच तो फ्लॉपीवरून पुन्हा वाचावा लागे आणि तेथे ती न सापडल्यास, ती असलेली फ्लॉपी घाला, असा इंग्रजी संदेश देऊन यंत्र स्वस्थ बसे. वरवर रिकामा दिसणारा घटक केव्हा लागतो, हे ठाऊक असल्यावाचून कात्री चालवायची नसते.

इतिहासाच्या दृष्टीने मला अधिक महत्त्वाची वाटते ती ३.३ या आवृत्तीतील काटछाट. त्या आवृत्तीत पोर्तुगीज, कॅनडातील फ्रेंच, नॉर्वेजियन इत्यादी भाषांच्या अक्षरांची सोय आली. पडद्यावरील या अक्षरांच्या एकाच फाइलीला सुमारे ४९ हजार बाइट लागत. इंग्रजीत काम करणाऱ्याने तिला प्रथम निरोप द्यावा, हे स्वाभाविकच. मात्र ऑस्लोतील वा लिस्बनमधील माणसाला आपल्या गावाची, आपल्या माणसांची नावे धड लिहिता यावीत, तर तीच फाइल हवी. एकाच्या दृष्टीने अडगळ, तर दुसऱ्याच्या दृष्टीने देव्हारा. अनावश्यक काय, याचे उत्तर तबकडी देत नाही; ते कात्री हाती असलेला माणूस देतो.

आणि देवनागरी? काढून टाकण्यापुरतीही ती त्या यादीत नव्हती. तिचा मार्ग भारतीय अभियंत्यांना वेगळा शोधावा लागला. कानपूरच्या आयआयटीत आरंभ झालेले काम पुण्याच्या सी-डॅकने (स्थापना १९८८) पुढे नेले आणि ‘जिस्ट’ कार्ड तयार झाले. ते संगणकात बसविले की अक्षरे दाखविण्याचा भार कार्डावर पडे. पाठोपाठ १९९१ मध्ये ‘इस्की’ या संकेतप्रणालीला भारतीय मानकाचे रूप मिळाले. इंग्रजीची १२८ स्थाने तशीच ठेवून उरलेल्या १२८ स्थानांत ब्राह्मीपासून उगम पावलेल्या लिप्या बसवायच्या होत्या. प्रत्येक लिपीला स्वतंत्र जागा देणे अशक्य होते. परंतु या लिप्यांचा वर्णक्रम मुळात एकच. म्हणून मराठी, बंगाली, कन्नड, तेलुगू अशा सर्वांच्या ‘क’ला एकच क्रमांक मिळाला. जागा वाचली, ती लिप्यांचे नाते ओळखल्यामुळे. आणि वाचलेल्या जागेत प्रमाण हिंदीला न लागणारा ‘ळ’ही बसला. निव्वळ बहुसंख्येच्या गरजेने कात्री चालली असती, तर बाळ, शाळा, फळा हे शब्द आपल्याला संगणकावर नीट लिहिता आले नसते.

महाराष्ट्राबाहेर साठ वर्षे मराठी माध्यम चालविणाऱ्या शाळेला हा इतिहास परका वाटू नये. वेळापत्रकातील तासिका मोजक्या असतात, विद्यार्थ्यांच्या दप्तरालाही मर्यादा असते. प्रांताची भाषा हवी, इंग्रजी हवी, संगणक हवा. मग मराठीच कमी करू या, असे सुचविणारी माणसे वाईट हेतूची नसतात. ती जागेचा हिशेब मांडत असतात. त्यांच्याशी भांडण्याऐवजी त्यांना आपण दाखवून द्यावे की, घरी आजीशी ज्या भाषेत मूल बोलते, त्याच भाषेत ते अपूर्णांक आणि प्रकाशसंश्लेषणही समजून घेते. मराठी ही येथे वरून चढविलेली फाइल नाही; बाकीचे विषय जिच्यामार्फत वाचले जातात, ती आज्ञा समजून घेणारी फाइल आहे. काटछाट करावी लागेल तेव्हा अवश्य करू. पण कोणत्या फाइलीचे काम काय, हे आधी नीट पाहून.