गोड शेवटाचा गुन्हा

काही वर्षांपूर्वी तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याने तास संपल्यावर एक पुस्तक माझ्या टेबलावर ठेवले. टी. जे. क्लून या अमेरिकी लेखकाची ‘द हाउस इन द सेरुलियन सी’ ही २०२० साली आलेली कादंबरी. चाळिशीचा, एकटा राहणारा, मांजर पाळणारा एक सरकारी नोकर एका बेटावरच्या अनाथाश्रमाच्या तपासणीला जातो, तिथल्या अद्‌भुत मुलांच्या आणि त्यांच्या संचालकाच्या प्रेमात पडतो आणि तिथेच राहतो, एवढीच गोष्ट. पुस्तक देताना तो म्हणाला, “मॅडम, यात कुणीच मरत नाही.” मी हसून म्हटले, “म्हणूनच ते अभ्यासक्रमात नाही.” उत्तर वर्गात शोभण्यासारखे होते, आजूबाजूची दोन-चार मुले हसलीही. तो हसला नाही. त्याचे वाक्य ही पुस्तकाची शिफारस नव्हती, तो एक शोध सांगत होता, हे माझ्या लक्षात यायला बराच काळ जावा लागला. प्रस्तुत लेख म्हणजे त्याला तेव्हा द्यायला हवे होते ते उत्तर, असे म्हटले तरी चालेल.

इंग्रजीत हल्ली ज्याला ‘कोझी’ म्हणतात त्या ऊबदार, हलक्याफुलक्या कथावाङ्मयाकडे पाहण्याची आपली नजर ठरलेली आहे. फडक्यांच्या कादंबऱ्या ‘गुलाबी’ म्हणून बाजूला सारायच्या, रंजन आणि वाङ्मयीन मूल्य यांच्यात एक भिंत आहे असे गृहीत धरायचे आणि शोकान्ताला आपोआप दोन गुण अधिक द्यायचे, हे संस्कार माझ्या पिढीने वर्गातच घेतले. (संस्कृत नाटक शिकवताना मात्र आपण सुखान्ताचे समर्थन करतो. तो विरोधाभास तूर्त राहू द्या.) या नजरेमागे एक समज असते : गोड शेवट ही सोपी वाट, दुःखान्त ही धाडसाची. समलिंगी प्रेमाच्या कथावाङ्मयाचा इतिहास पाहिला, निदान इंग्रजीतला, तर ही समज पार उलटी होते. तिथे दुःखान्त ही सोय होती. नायक-नायिकांना मारले, वेडे केले किंवा परत लग्नाच्या वाटेवर आणून सोडले, तर पुस्तक छापले जाण्याची काही आशा असे. त्यांना सुखाने नांदू देणे हाच गुन्हा होता.

ई. एम. फॉर्स्टरपासून सुरुवात करायला हवी, आणि आपल्यासाठी ती देवासपासून करता येते. १९१२च्या अखेरीस फॉर्स्टर पहिल्यांदा हिंदुस्थानात आला आणि देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांच्याशी त्याची ओळख झाली. पुढे १९२१ मध्ये त्याच मराठी संस्थानात त्याने महाराजांचा खासगी चिटणीस म्हणून काम केले. ‘द हिल ऑफ देवी’ (१९५३) हे पुस्तक त्यातूनच आले. पहिल्या प्रवासाहून तो एप्रिल १९१३ मध्ये परतला तेव्हा त्याच्याजवळ एका हिंदुस्थानी कादंबरीची जुळवाजुळव होती. ती काही पुढे सरकेना. त्याच वर्षी तो डर्बीशरमधील मिलथॉर्प या खेड्यात एडवर्ड कार्पेंटर या लेखक-विचारवंताला भेटायला गेला. कार्पेंटर तिथे जॉर्ज मेरिल या कामगारवर्गातल्या आपल्या जोडीदारासह उघडपणे राहत होता. दोन पुरुष, एक घर, भाजीपाल्याची बाग. मेरिलने जाता जाता फॉर्स्टरच्या कमरेखाली हलकासा स्पर्श केला आणि त्या क्षणी ‘मॉरिस’ ही कादंबरी सुचली, असे फॉर्स्टरने पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. एखाद्या कादंबरीचा उगम इतक्या नेमकेपणाने सांगणारा लेखक विरळाच.

हिंदुस्थानी कादंबरी बाजूला पडली (ती ‘अ पॅसेज टू इंडिया’ होऊन यायला १९२४ उजाडले) आणि १९१४ पर्यंत ‘मॉरिस’ लिहून झाली. मॉरिस हॉल हा शेअर दलाल, उपनगरातला, मुद्दाम सामान्य बुद्धीचा ठेवलेला नायक. केंब्रिजमध्ये क्लाइव्हशी त्याचे प्रेम जुळते. क्लाइव्ह पुढे मागे फिरतो, लग्न करतो, राजकारणात शिरतो. शेवटी क्लाइव्हच्याच इस्टेटीवरचा शिकाररक्षक अ‍ॅलेक स्कडर मॉरिसच्या आयुष्यात येतो. अर्जेंटिनाला जाणारे जहाज अ‍ॅलेक मुद्दाम चुकवतो आणि दोघे एकमेकांसाठी सर्व सोडून निघून जातात. बस्स. कुणी गळफास घेत नाही, कुणी तुरुंगात जात नाही. हे कोणत्या काळात? ऑस्कर वाइल्डला १८८५च्या कायद्याखाली दोन वर्षांची सक्तमजुरी झाली ते साल १८९५, म्हणजे हे लेखन सुरू होण्याच्या अवघी अठरा वर्षे आधी.

१९६०च्या सप्टेंबरात लिहिलेल्या टिपणात फॉर्स्टर या शेवटाबद्दल काय म्हणतो ते मुळातून वाचण्यासारखे आहे. सुखान्त अनिवार्य होता, त्यावाचून आपण लिहायलाच बसलो नसतो, असे तो सांगतो. आणि त्याच सुखान्तामुळे पुस्तक छापणे अवघड झाले, हेही. दोन प्रेमिकांचा शेवट आत्महत्येत झाला असता तर कायद्याला फारशी अडचण नव्हती. गुन्हेगार शिक्षेवाचून सुटतात, म्हणून पुस्तक गुन्ह्याची शिफारस करते असा अर्थ निघतो. त्यामुळे हस्तलिखित जवळजवळ सहा दशके मित्रांच्या हातांतून फिरत राहिले. लिटन स्ट्रेचीने वाचून कळवले की ही जोडी सहा आठवड्यांवर टिकणार नाही. १९५७ मध्ये वुल्फेंडन समितीचा अहवाल आला, १९६७ मध्ये इंग्लंडमध्ये कायदा बदलला, तरी फॉर्स्टरने कादंबरी छापू दिली नाही. तो ७ जून १९७० रोजी वारला. ‘मॉरिस’ १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. आणि समीक्षक काय म्हणाले? शेवट भाबडा आहे, परीकथेसारखा आहे. ज्या शेवटासाठी लेखकाने पुस्तक मरेपर्यंत दाबून ठेवले तोच त्याचा कच्चा दुवा ठरला! माझ्या जुन्या टिपणवहीत, खंत आहे ती अशी की, मीही नेमके हेच लिहून ठेवलेले सापडले.

दुःखान्त केला तरी सुटका होतेच असे नाही, हे १९२८च्या लंडनने दाखवून दिले. रॅडक्लिफ हॉल हिच्या ‘द वेल ऑफ लोनलीनेस’ या कादंबरीची नायिका आपल्या प्रेयसीला पुरुषाच्या हाती सोपवून स्वतः एकाकीपण पत्करते. अश्लीलतेचा मागमूसही नसलेली, गंभीर, खरे तर काहीशी रडवी कादंबरी. नोव्हेंबरात बो स्ट्रीटच्या न्यायालयाने तिच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. फॉर्स्टर, व्हर्जिनिया वुल्फ आणि इतर अनेक लेखक साक्षीला तयार होते. दंडाधिकारी चार्ट्रेस बायरन यांनी वाङ्मयीन गुणांविषयीची साक्ष ऐकूनच घेतली नाही. त्यांचा आक्षेप लक्षात घेण्यासारखा आहे : या पात्रांच्या वृत्तीला पुस्तकात कुठेही दोषास्पद म्हटलेले नाही. म्हणजे नुसते दुःख पुरेसे नव्हते, पश्चात्तापही हवा होता.

आणि त्याच वर्षी, त्याच शहरात, खटल्याच्या महिनाभर आधी व्हर्जिनिया वुल्फचे ‘ओर्लँडो’ बाजारात आले होते. व्हिटा सॅकव्हिल-वेस्टला अर्पण केलेले, तिची छायाचित्रे ‘चरित्रनायका’ची म्हणून छापलेले, शतकानुशतके जगत मध्येच पुरुषाची स्त्री होणाऱ्या माणसाचे खोटेखोटे चरित्र. दोन स्त्रियांमधील प्रेमाचे इतके उघड पुस्तक कोर्टाच्या पायरीपर्यंतही गेले नाही. का? कारण ते हसत होते. थट्टेच्या सुरातल्या मजकुराला आरोपपत्रात कसे बसवायचे, हे दंडाधिकाऱ्याला उमगत नाही. हलकेपणा म्हणजे उथळपणा असे समजणाऱ्या आपण प्राध्यापकमंडळींनी ही दोन पुस्तके कधीतरी शेजारी शेजारी ठेवून शिकवावीत.

ऊबदार विनोदी कादंबऱ्यांत अशी माणसे पूर्वीही होतीच, एका अटीवर. ई. एफ. बेन्सनच्या लुसिया-मालिकेतला जॉर्जी पाहा : भरतकाम करणारा, टोप लावणारा, लुसियाबरोबर पियानो वाजवणारा. वाचकाला तो आवडतो, गावालाही आवडतो. १९३५च्या ‘लुसियाज प्रोग्रेस’मध्ये त्याचे लुसियाशी लग्नही होते, पण परस्परांना शारीरिक जवळिकीचा त्रास द्यायचा नाही अशा समजुतीने. अट ही, की त्याने कुणावर प्रेम करू नये. ऊब मिळेल, प्रेमिक मिळणार नाही.

अमेरिकेत १९५२ साली या कथेचा पुढचा अंक घडला, आणि तो अधिक ठसठशीत आहे. मॅरिजेन मीकर हिने व्हिन पॅकर या नावाने ‘स्प्रिंग फायर’ लिहिली. गोल्ड मेडल या स्वस्त पुस्तकांच्या प्रकाशनाने ती काढली. संपादकाने आधीच बजावले होते की शेवट सुखाचा नको, कारण टपालखाते पुस्तके जप्त करील. तेव्हा दोन मैत्रिणींपैकी एक वेडी होते आणि दुसरीला आपले तिच्यावर प्रेम नव्हतेच असा साक्षात्कार होतो. पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या. मीकरला मात्र त्या शेवटाची एवढी लाज वाटत राहिली की ते पुन्हा छापायला ती दीर्घकाळ राजी नव्हती. २००४ मध्ये ती कशीबशी तयार झाली. म्हणजे आपण ज्याला ‘वास्तववादी’ दुःखान्त म्हणून गौरवले असते, तो प्रत्यक्षात टपालखात्याने ठरवलेला होता.

त्याच वर्षी क्लेअर मॉर्गन या नावाने ‘द प्राइस ऑफ सॉल्ट’ आली. खरी लेखिका पॅट्रिशिया हायस्मिथ, खुनांच्या कथांची बादशहा. मोठ्या दुकानात खेळणी विकणारी एकोणीस वर्षांची थेरेस आणि घटस्फोटाच्या उंबरठ्यावरची कॅरल अखेर एकत्र येतात. पण कॅरलला आपल्या मुलीचा ताबा गमवावा लागतो. हायस्मिथने सुख दिले ते किंमत वसूल करूनच. स्वस्त आवृत्ती निघाल्यावर लेखिकेला वाचकांची पत्रे येऊ लागली, आणि त्यांतला आनंद एकाच गोष्टीचा होता : या दोघींना मरावे लागत नाही, बदलावेही लागत नाही. हायस्मिथने ते पुस्तक स्वतःच्या नावाने मान्य केले ते १९९० मध्ये. माझ्या त्या विद्यार्थ्याच्या वाक्याला इतका जुना वंश होता.

मराठीकडे वळले तर यादी फार लांब होत नाही. तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आले, रोहिणी हट्टंगडींनी मित्रा उभी केली. नाटक मित्राच्या मृत्यूपाशी संपते. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) मध्ये भाऊ आणि बहीण एकाच पाहुण्या भाडेकरूच्या प्रेमात पडतात आणि तो निघून जातो. दोन्ही कृती मला मोलाच्या वाटतात आणि त्यांचे शेवट त्यांच्या रचनेतूनच उगवले आहेत. त्यांना गोड शेवट चिकटवावा असे कुणी म्हणणार नाही. प्रश्न त्या कृतींचा नाही, शेल्फवर त्यांच्या शेजारी काय आहे याचा आहे. स्त्री-पुरुषांच्या प्रेमाला आपल्याकडे शोकान्तही मिळाले आणि फडकेही मिळाले. चिं. वि. जोशींच्या चिमणरावाला काऊबरोबर घरगुती गोंधळ घालायचे भाग्य लाभले. ज्यांना केवळ शोकान्तच मिळतो त्यांच्या वाट्याला गांभीर्य येते, घर येत नाही.

यंदा ‘मॉरिस’ वैकल्पिक वाचनासाठी घेतली. शेवटच्या प्रकरणावर चर्चा रंगेल, वर्गसंघर्ष वगैरे निघेल अशी माझी तयारी होती. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, “पण मॅडम, नंतर ते राहतात कुठे? नोकरी तर सोडली. खातात काय?” वर्ग हसला, मी या खेपेला हसले नाही. कारण हा प्रश्न फॉर्स्टरलाही पडला होता. त्याने एक उपसंहार लिहिला होता. त्यात काही वर्षांनी मॉरिसची बहीण किटी रानात त्या दोघांना लाकूडतोड करताना भेटते. तो त्याने काढून टाकला. अशी दोन माणसे ज्यात नाहीशी होऊ शकतील ते इंग्लंडमधले रानच महायुद्धांनंतर उरले नाही, असे तो पुढे लिहितो. त्याने आपल्या प्रेमिकांना सुख दिले, पत्ता दिला नाही. मिलथॉर्पला पाहिलेली ती भाजीपाल्याची बाग काही कादंबरीत आली नाही.

आजच्या ऊबदार कादंबऱ्या नेमक्या तिथून सुरू होतात. ट्रॅव्हिस बॉल्ड्रीच्या ‘लेजेंड्स अँड लाटेज’मध्ये (२०२२) तलवार खाली ठेवलेली एक राक्षसकुळातली योद्धी कॉफीचे दुकान काढते, पुस्तकाचा मोठा भाग जागा, सुतारकाम, भट्टी, दालचिनीचे पाव आणि गिऱ्हाइके यांवर खर्च होतो, आणि मदतनीस तरुणीशी तिचे प्रेम त्या हिशेबांच्या मधल्या फटीत वाढते. अ‍ॅलिस ओसमनच्या ‘हार्टस्टॉपर’ या चित्रमालिकेत दोन शाळकरी मुले हात धरावा की नाही यावर पानेच्या पाने घालवतात. यांतले बरेच लेखन पसरट आहे. क्लूनच्या कादंबरीत उपदेश जास्त आणि खलपुरुष कागदी आहेत, हे मी आजही म्हणेन. पण भाडे, न्याहारी, शेजारी, मांजर हा तपशील त्यांत भरतीचा नाही; फॉर्स्टरने जी वस्तू कादंबरीबाहेर ठेवली ती हीच.

आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून प्रौढांच्या संमतीच्या संबंधांचा गुन्हा वगळला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. हे मी वर्गात सांगितले तेव्हा त्या मुलीने वहीत दोन्ही तारखा एकाखाली एक लिहून घेतल्या आणि विचारले, “म्हणजे जहाज चुकवायला हरकत नाही, पण घराच्या भाडेकरारावर नावे कशी लिहायची?”

तास संपला होता. क्लूनचे पुस्तक मी तिला दिले.