टाळेबंदीतील भाडेकरू : लांबणीवर पडलेले भाडे माफ झाले नव्हते

मार्च २०२० च्या अखेरीस देशव्यापी टाळेबंदी लागू झाली आणि एप्रिलमध्ये मुंबईतील घरखरेदीची नोंदणी ठप्प झाली. घरांच्या किमती २० टक्क्यांपर्यंत उतरू शकतात, याची तयारी विकासकांनी ठेवावी, असे एचडीएफसीचे तत्कालीन अध्यक्ष दीपक पारेख यांनी त्याच महिन्यात सुचविले होते. मुंबईत तेवढी घसरण झाली नाही, कारण खरेदीदारासाठी दोन दारे उघडली गेली. रिझर्व्ह बँकेने मे अखेरपर्यंत रेपो दर ५.१५ वरून ४ टक्क्यांवर आणला. राज्य सरकारने मुद्रांक शुल्कात १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळात तीन टक्के आणि ३१ मार्च २०२१ पर्यंत दोन टक्के सूट दिली. मुंबईत पाच टक्क्यांचे शुल्क दोनवर येताच त्या डिसेंबरात १९ हजारांहून अधिक व्यवहार नोंदले गेले.

भाडेकरूच्या पदरात मात्र सूचनाच पडल्या. मजुरांकडून महिनाभर भाडे मागू नये आणि मजूर व विद्यार्थ्यांना घराबाहेर काढू नये, असा आदेश केंद्रीय गृह मंत्रालयाने २९ मार्च २०२० रोजी काढला. १७ एप्रिलला राज्याच्या गृहनिर्माण विभागाने भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलण्यास व थकबाकीपोटी कोणाला घराबाहेर न काढण्यास सांगितले. पुढे ढकलणे म्हणजे माफ करणे नव्हे, हे अनेकांच्या ध्यानात फार उशिरा आले. पगार बंद असलेल्या कुटुंबाला तीन महिन्यांचे भाडे एकदम देणे कसे जमावे? न्यायालयांकडूनही सरसकट दिलासा नव्हता. करारात तशी तरतूद नसेल, तर केवळ टाळेबंदीमुळे भाडे स्थगित होत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये खान मार्केटमधील एका दुकानाच्या प्रकरणात म्हटले.

महाराष्ट्रात आणखी एक गुंता आहे. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार भाडे देण्याची तयारी असलेल्या भाडेकरूला त्या कारणासाठी काढता येत नाही. घरमालकाला त्याचे पाणी वा वीज तोडता येत नाही. पण हे संरक्षण जुन्या पागडीच्या भाडेकरूचे. अकरा महिन्यांच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’ करारावर राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नव्हेच, तो परवानाधारक. मुदत संपूनही त्याने घर सोडले नाही, तर कलम २४ नुसार दुप्पट शुल्क भरावे लागू शकते. शहरात नोकरीसाठी आलेले बहुतेक लोक याच वर्गातले, हे सांगायला नकोच.

त्यांच्या हाती एक गोष्ट आहे. करार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारी कलम ५५ ने घरमालकावर टाकली आहे. तसा करार नसेल, तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे ठरवायचे असेल तर घरमालकाने पुरावा द्यावा. करार करताना आपत्तीकाळात भाडे कसे आकारायचे, अनामत रकमेतून थकबाकी वळती होईल का आणि मुदतीआधी घर सोडल्यास काय, हे तीन मुद्दे लिहून घ्यावेत. दलाल छापील मसुदा पुढे सरकवतो, त्यात ते बहुधा नसतात.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी संमत केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित आहे. मुदत आपत्तीकाळात संपली, तर आपत्ती सरल्यावर महिनाभर जुन्याच अटींवर राहता येईल, अशीही तरतूद आहे. मात्र हा नमुना आहे. राज्याने तसा कायदा केल्याखेरीज त्याचा आधार घेता येत नाही.