दिवाणखान्यांतील जाझ

आमचे एक स्नेही जाझ संगीताचे शौकीन आहेत, आणि तें ऐकण्याच्या यंत्रांचे तर त्याहूनहि अधिक. त्यांच्या दिवाणखान्यांत ध्वनिक्षेपकांची सोय आधीं पाहिलेली आहे, बसणाऱ्यांची मागाहून. गेल्या पावसाळ्यांत त्यांनीं मला मुद्दाम बोलाविलें, तें एका तक्रारीसाठीं. माइल्स डेव्हिस यांच्या 'काइंड ऑफ ब्लू' या तबकडीच्या त्यांच्यापाशीं दोन प्रती आहेत. एक जुनी, वडिलांनीं घेतलेली, दुसरी अलीकडची. पहिली बाजू लागोपाठ लाविली असतां नवीचा स्वर किंचित् उतरलेला लागे; दुसरी बाजू मात्र दोन्हींत सारखी. "प्रोफेसर, एवढे पैसे ओतून घेतलेलें यंत्र बिघडलें कीं काय?" हा त्यांचा प्रश्न. यंत्र निर्दोष होतें. दोष शोधण्यास १९५९ सालच्या न्यूयॉर्कला जावें लागतें, आणि खरें पाहतां त्याच्याहि मागें.

जाझ हें पुष्कळसें जागच्या जागीं सुचणारें संगीत. कागदावर त्याचा सांगाडा तेवढा उतरतो. म्हणून तबकडी हाच त्याचा ग्रंथ. २६ फेब्रुवारी १९१७ रोजीं ओरिजिनल डिक्सीलँड जास बँडनें न्यूयॉर्कमध्यें व्हिक्टर कंपनीसाठीं वाजविलें, तेथून मुद्रित जाझचा इतिहास मोजण्याचा प्रघात आहे. ते वादक गोरे. आणि ही कला तर मुख्यतः न्यू ऑर्लिअन्सच्या कृष्णवर्णीयांनीं घडविलेली! हा अन्याय या ग्रंथाच्या पहिल्याच पानावर आहे. किंग ऑलिव्हर यांच्या ताफ्याची पाळी येण्यास १९२३ साल उजाडलें. इंडियाना संस्थानांतील रिचमंड येथें जेनेट कंपनीच्या खोलींत ते सारे एका कर्ण्यासमोर दाटीवाटीनें उभे राहिले. तरुण लुई आर्मस्ट्राँग यांचा वाजविण्याचा जोर इतका, कीं त्यांना इतरांच्या बऱ्याच मागें उभें केलें, असें सांगतात. मोठ्या ढोलाचा धक्का मुद्रणाच्या सुईस सोसेना, म्हणून बेबी डॉड्स यांना लांकडी ठोकळ्यांवर ताल धरावा लागला. तेव्हां या तबकड्या ऐकून त्या काळच्या तालवाद्यांविषयीं सिद्धांत मांडणारा हमखास फसावयाचा. शिवाय मर्यादा सुमारें तीन मिनिटांची. त्याच तीन मिनिटांत आपल्या गवयांनींहि ख्याल कोंबले आहेत, हें वाचकांस सांगावयास नको.

१९२५ पासून कर्ण्याची जागा विजेच्या मायक्रोफोननें घेतली. अनेक तबकड्या छायाचित्रांप्रमाणें एका पुठ्ठ्याच्या बाडांत ठेवीत, त्यावरून 'आल्बम' हें नांव पडलें. जून १९४८ मध्यें कोलंबिया कंपनीनें मिनिटास ३३⅓ फेरे घेणारी दीर्घ तबकडी काढली. एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक वादन मावूं लागलें. बाड गेलें, नांव राहिलें.

या दीर्घ तबकडीचा खरा रसिक कारागीर म्हणजे रूडी व्हॅन गेल्डर. हे गृहस्थ व्यवसायानें चष्म्यांसाठीं डोळे तपासणारे. न्यूजर्सींतील हॅकनसॅक येथें आईबापांच्या घरींच त्यांचें मुद्रण चाले. दिवाणखान्यांत वादक, लगतच्या खोलींत यंत्रें, मध्यें कांच. त्या माउलीनें हा सनईचौघडा कसा सोसला असेल, असें मनांत आल्यावांचून राहत नाहीं. ब्लू नोट कंपनीचें काम त्यांच्याकडे १९५३ पासून येऊं लागलें, आणि थलोनियस मंक यांनीं तर एका रचनेस 'हॅकनसॅक' हें गांवाचेंच नांव दिलें. घरीं बसून ऐकणाऱ्यास वादक जवळ बसल्याचा जो भास त्या तबकड्यांत होतो, त्याचें थोडेंसें श्रेय त्या घरगुती खोलीसहि द्यावयास हरकत नसावी. १९५९ मध्यें ते एंगलवुड क्लिफ्स येथील उंच लांकडी छताच्या स्वतंत्र वास्तूंत गेले. जॉन कोल्ट्रेन यांची 'अ लव्ह सुप्रीम' तेथेंच डिसेंबर १९६४ मध्यें मुद्रित झाली.

'काइंड ऑफ ब्लू' मात्र कोलंबियाच्या तिसाव्या रस्त्यावरील मुद्रणगृहांतली. ही इमारत पूर्वीं चर्च होती. २ मार्च १९५९ रोजीं तेथें तीन रचना वाजविल्या गेल्या. त्या दिवशीं मुख्य यंत्राची फीत किंचित् मंद चालत होती, आणि तें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. मंद गतीनें घेतलेली फीत नेहमीच्या गतीनें लाविली कीं स्वर चढतो. त्याच तीन रचना पहिल्या बाजूवर आल्या. दुसऱ्या बाजूच्या दोन २२ एप्रिलच्या. त्या दिवशीं गति बरोबर होती. सुदैवानें मार्चमध्यें सोबतीस दुसरें यंत्र चालू होतें, तें अचूक. त्याच्या फितीवरून १९९२ मध्यें दुरुस्त आवृत्ति निघाली. म्हणजे तेहतीस वर्षें, जितकें यंत्र उंची तितका हा चढा स्वर अधिक प्रामाणिकपणें घरोघर ऐकू आला! तबकडीशीं वाद्य जुळवूं पाहणाऱ्यास आपलेंच वाद्य उतरलें असें वाटलें असेल.

हें सारें मीं स्नेह्यांस सांगितलें. यंत्रावरील आळ गेला म्हणून त्यांना हायसें वाटलें. नवी प्रत खरी, जुनी खोटी, हेंहि त्यांनीं मान्य केलें. मग उठून जुनीच पुन्हां लाविली. "बाबांनीं हीच ऐकली," एवढेंच म्हणाले.