सौंद, दलीपसिंग

(२० सप्टेंबर १८९९ – २२ एप्रिल १९७३). अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे माजी सदस्य. मताधिकारासह काँग्रेसमध्ये बसलेले पहिले आशियाई वंशाचे प्रतिनिधी. जन्म अमृतसर जिल्ह्यातील छज्जलवड्डी येथे. पंजाब विद्यापीठाची गणितातील पदवी (१९१९) घेऊन ते १९२० मध्ये अन्न टिकवण्याचे तंत्र शिकायला बर्कलीला गेले. पण ओढ गणिताची होती. त्याच विषयात एम.ए. (१९२२) व पीएच.डी. (१९२४). त्यानंतर इम्पीरियल खोऱ्यात कापूसवेचणीच्या टोळीचे मुकादम व पुढे शेतकरी. विवाह मेरियन कोसा यांच्याशी (१९२८), तीन अपत्ये.

सौंद यांची कारकीर्द नागरिकत्वाच्या कायद्यांपासून वेगळी काढता येत नाही. भगतसिंग थिंड खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये भारतीयांना नागरिकत्व नाकारले आणि कॅलिफोर्नियाच्या कायद्याने अशा परकीयांना शेतजमिनीची मालकी बंद होती. डॉक्टरेट मिळवलेला हा माणूस कसत होता ती जमीन स्वतःच्या नावावर करू शकत नव्हता. कॅथरीन मेयोच्या भारतनिंदक पुस्तकाला त्यांनी ‘माय मदर इंडिया’ (१९३०) लिहून उत्तर दिले. नागरिकत्वासाठी भारतीयांची संघटना उभारून चळवळ केली. १९४६ च्या लूस–सेलर कायद्याने भारतीयांना वर्षाला १०० जणांचा कोटा व नागरिकत्वाचा हक्क मिळाला. सौंद १६ डिसेंबर १९४९ रोजी नागरिक झाले.

१९५० मध्ये वेस्टमोरलंडच्या न्यायाधीशपदी निवडून आले, पण नागरिकत्वाला वर्ष झाले नव्हते म्हणून पद नाकारले गेले. १९५२ मध्ये पुन्हा जिंकले. १९५६ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षातर्फे ख्यातनाम वैमानिक जॅकलिन कॉक्रन यांचा पराभव. प्रतिनिधीला सात वर्षांचे नागरिकत्व लागते; ती मुदत डिसेंबरात भरली आणि ३ जानेवारी १९५७ रोजी त्यांनी जागा घेतली. मधे जेमतेम अडीच आठवडे.

काँग्रेसमध्ये परराष्ट्र व्यवहार समितीचे सदस्य. १९५७ मध्ये भारतदौरा.

मे १९६२ मध्ये पक्षाघात झाला, प्रचार करता आला नाही आणि चौथी निवडणूक हरले. आत्मचरित्र : ‘काँग्रेसमन फ्रॉम इंडिया’ (१९६०). प्रतिनिधिगृहात भारतीय वंशाचा पुढचा सदस्य, बॉबी जिंदाल, २००५ मध्ये आला.