मोतीबिंदू: डोळ्यातले प्रथिन गढूळ का होते?

"डॉक्टर, आजीची नजर सुधारली. आता चष्मा न लावता पोथी वाचते." असे कौतुकाने सांगत नातेवाईक आले की मी आधी टॉर्च घेऊन आजींची बाहुली बघतो. सत्तरीत जवळचे अचानक चांगले दिसू लागणे ही बहुतेक वेळा मोतीबिंदूची सुरुवात असते. भिंगाचा गाभा दाट होऊ लागला की चष्म्याचा नंबर मायनसकडे सरकतो. पोथी दिसते, पण एसटीची पाटी दिसत नाही. पुढे पोथीही दिसेनाशी होते.

भिंगात काय बिघडते?

बाहुलीच्या मागे असलेल्या भिंगाचा सुमारे एक तृतीयांश भाग प्रथिनांचा आणि बाकीचा बहुतांश पाण्याचा असतो. यातल्या मुख्य प्रथिनांना क्रिस्टॅलिन म्हणतात. प्रथिन म्हणजे एक लांब साखळी. ती ठरावीक पद्धतीने दुमडली गेली तरच आपले काम करते. क्रिस्टॅलिन नीट दुमडलेले आणि दाटीवाटीने पण सुटे राहते, म्हणून भिंग पारदर्शक असते.

रक्तातली तांबडी पेशी साधारण 120 दिवसांत बदलली जाते. भिंगाच्या गाभ्यातल्या पेशी मात्र आपले केंद्रकच टाकून देतात, त्यामुळे तिथे नवे प्रथिन तयार होत नाही. तुमच्या भिंगाच्या गाभ्यातले प्रथिन तुम्ही आईच्या पोटात असतानाचे आहे, आणि ते जन्मभर पुरवायचे असते. अल्फा-क्रिस्टॅलिन नावाचे प्रथिन राखणदारी करते: दुसऱ्या प्रथिनांची घडी उसवू लागली की त्यांना धरून ठेवते, गुठळी होऊ देत नाही. वय वाढते तसा हा राखणदार संपत जातो. मग गुठळ्या होतात, प्रकाश विखुरतो आणि नजर धूसर होते. अंड्याचा पारदर्शक बलक उकळल्यावर पांढरा होतो, तसेच काहीसे. उकडलेले अंडे पुन्हा कच्चे होत नाही.

अल्झायमर आणि पार्किन्सन या मेंदूच्या आजारांतही घडी बिघडलेल्या प्रथिनांच्या गुठळ्या साठतात. मात्र मोतीबिंदू झाला म्हणजे पुढे विस्मरण होणार, असा याचा अर्थ अजिबात नाही. उलट इथे एक मोठी सोय आहे: गढूळ झालेला भाग काढून नवा बसवता येतो.

लवकर कोणाला होतो?

वय हे मुख्य कारण. त्यात परभणीच्या उन्हात वर्षानुवर्षे शेतात काम, बिडी-सिगारेट आणि मधुमेह यांची भर पडते. वाढलेली साखर प्रथिनाला चिकटते आणि त्याची घडी बिघडवते. मला सर्वांत जास्त राग येतो तो सांधेदुखीच्या बिनलेबलच्या पुड्यांचा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. स्टेरॉइडने होणारा मोतीबिंदू चाळिशीतही दिसतो. उन्हात आणि समोरच्या गाडीच्या दिव्यात अशा माणसाला काहीच सुचत नाही.

थेंबांनी जातो का?

नाही. 2015 मध्ये लॅनोस्टेरॉलने प्राण्यांच्या भिंगातल्या गुठळ्या सुटल्याची बातमी गाजली, पण नंतर माणसाच्या काढलेल्या भिंगांवर तसा परिणाम दिसला नाही. मध किंवा कांद्याचा रस डोळ्यात घालू नका; मोतीबिंदू जात नाही, बुबुळाला जखम मात्र होते.

"पिकू द्या" हा सल्ला जुना झाला

कृत्रिम भिंग नव्हते तेव्हा मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबण्यात अर्थ होता. पहिले कृत्रिम भिंग हॅरोल्ड रिडले यांनी 1949 मध्ये लंडनमध्ये बसवले. आपल्या मराठवाड्यातले, लातूर जिल्ह्यातले डॉ. तात्याराव लहाने यांनी लाखाच्या वर शस्त्रक्रिया केल्या. आता रोजच्या कामात अडचण येऊ लागली की शस्त्रक्रिया करावी.

थांबण्याची किंमत मी पाहिली आहे. एका आजींचे ऑपरेशन आधी कापूस वेचणीसाठी, मग नातीच्या लग्नासाठी आणि मग उन्हाळा म्हणून पुढे गेले. एका संध्याकाळी डोके दुखते, उलट्या होतात म्हणून त्या आल्या. मी पित्ताची गोळी दिली. डोळा लाल होता, तो मी नीट पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी लक्षात आले: पिकलेले भिंग फुगून डोळ्यातला दाब वाढला होता. शस्त्रक्रियेने दुखणे थांबले, पण दाबाने नस खराब झाली होती आणि त्या डोळ्याची नजर पुरती परत आली नाही. तेव्हापासून डोकेदुखी आणि उलटी असलेल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचा डोळा मी आधी बघतो. तुम्हीही बघा. लाल, दुखरा डोळा आणि उलटी असेल तर रात्रीच नेत्रतज्ज्ञाकडे न्या.

ऑपरेशनला ऋतू नसतो. नंतर काही आठवडे धूळ, डोळ्यात पाणी आणि शेतीकाम टाळायचे असते, म्हणून कामाचा हंगाम बघा, ऊन नको. लघवीसाठी टॅमसुलोसिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सर्जनला आधीच सांगा; स्वतःहून बंद करू नका. ऑपरेशननंतर दुखणे वाढले किंवा नजर कमी झाली तर त्याच दिवशी दाखवा.

काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसले तर "मोतीबिंदू परत आला" असे लोक म्हणतात. कृत्रिम भिंगात प्रथिन नसते, ते गढूळ होत नाही. मागचा पडदा जाड झालेला असतो, आणि तो लेसरने काही मिनिटांत मोकळा करता येतो.